भाऊकाकांचं सातवं कलम

परवा मुलीनं नव्या घराचा करारनामा मोबाइलवर पाठवला आणि म्हणाली, "आई, नुसता नजरेखालून घाल, मग मी सही करते." मी तो नजरेखालून घातला नाही. चष्मा लावला, खुर्ची खिडकीशी ओढली आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला लागले. आमचे हे आतून म्हणाले, "कोण आलंय?" कुणीही आलेलं नव्हतं. भाऊकाकांनी लावलेली खोड आहे ती, आणि या वयात आता जायची नाही.

भाऊकाका काशीत, दुर्गाघाटावरच्या आमच्या गल्लीत बरोब्बर समोर राहायचे. समोर म्हणजे किती समोर, तर ते ओट्यावर शिंकले की माझ्या सासूबाई आमच्या स्वयंपाकघरातून "शतायुषी व्हा" म्हणायच्या. सरकारी कार्यालयात ठेक्यांच्या आणि करारांच्या टेबलावर त्यांचा जन्म गेला. तिथून निवृत्त झाले आणि गल्लीच्या मागे लागले. कुणाला दुकान चालवायला द्यायचंय, दोघा भावांत देवाच्या पूजेच्या पाळ्या ठरवायच्यात, कुणाचा वरचा मजला शिकवणीच्या वर्गाला द्यायचाय, की चालले भाऊकाकांकडे. मसुदा ते करायचे, टाइप मी करायची. मी युनिव्हर्सिटीत टायपिस्ट होते आणि घरात एक जुना कॉम्प्युटर होता, एवढाच माझा गुन्हा.

चण किरकोळ, पाठ ताठ, खिशाला दोन पेनं आणि डोळ्यांत कायमची धास्ती. आनंदाची बातमी सांगायला गेलं तरी हा माणूस आधी उठून उभा राहायचा आणि "काय झालं?" विचारायचा. मुलगी बारावी पास झाली तेव्हा मी पेढे घेऊन गेले, तर म्हणाले, "गुणपत्रिका नीट वाचलीस? वडलांचं नाव बरोबर आहे?" मला असा राग आला. पेढ्यांचा पुडा तिथंच आपटून घरी आले आणि गुणपत्रिका काढून बघितली, तर तिच्या वडलांच्या जागी भलत्याच कुणाचं नाव. म्हणजे या माणसाचा धड रागही करता यायचा नाही.

त्यांच्या प्रत्येक मसुद्यात एक कलम असायचंच, आढाव्याचं. अमुक दिवशी दोन्ही पक्षकारांनी समोरासमोर बसावं, सगळा करार पहिल्यापासून मोठ्यानं वाचावा, काय पाळलं गेलं, काय नाही, काय बदलायला हवं ते बोलावं आणि आढाव्याच्या कागदावर सह्या कराव्यात. लोक वैतागायचे. अहो, दोन ओळींचं काम, त्याला ही पोथी कशाला? त्यावर भाऊकाका म्हणायचे, "करार म्हणजे काय लग्न आहे, की अक्षता पडल्या आणि सगळे जेवून घरी गेले? इथं मागाहून विचारायला यावं लागतं." कधी बघायचं, कोणी बघायचं आणि नाही बघितलं तर काय, हे कागदात असल्याशिवाय ते मला प्रिंटरचं बटण दाबू द्यायचे नाहीत. आणि मोठ्यानं का वाचायचं? तर म्हणे डोळा सवयीनं पुढे सरकतो, कान सरकत नाही. गल्लीतल्या हिंदी मंडळींनी त्यांचं नावच 'समीक्षा गुरू' पाडलं होतं.

दूधवाल्या लल्लनबरोबरसुद्धा त्यांचा एका पानाचा करार होता. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी लल्लननं ओट्यावर बसायचं आणि भाऊकाकांनी वाचायचं: दूध साडेसहाच्या आत, पाण्याविना, कॅन रोज घासलेला. लल्लन हसून हसून बेजार. एकदा आपल्या म्हशीवरून म्हणाला, "का गुरू, अगली बेर भइँसियो के लेके आईं? ओकरो दसखत चाही?" भाऊकाका अगदी गंभीरपणे म्हणाले, "नहीं, पशु पक्षकार नहीं हो सकता।" यावर गल्ली वर्षभर हसली. पण पुढच्याच एका आढाव्यात लल्लननं आपणहून सांगितलं की उन्हाळ्यात म्हैस आटते तेव्हा तो दुसऱ्याकडचं दूध आणून घालतो आणि त्या दुधाची खात्री त्याला देता येत नाही. कुठला दूधवाला असं आपल्या तोंडानं सांगतो? विचारलं म्हणून सांगितलं. भाऊकाकांनी उन्हाळ्यात दूध निम्मं घ्यायचं असं कलम वाढवलं आणि दोघंही सही करून मोकळे झाले.

हा सोस त्यांना लागला कुठून, ते मला काकूंनी सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला एका वसतिगृहाच्या जिन्याला कठडा बसवायचं काम निघालं होतं. करार भाऊकाकांनी लिहिला. काम झालं, ठेकेदार गेला, फाइल बंद झाली. पुढे तो कठडा कुणी जाऊन बघायचा, हे कागदात कुठंच नव्हतं. दोन पावसाळे गेले आणि एक दिवस त्याला टेकलेला विद्यार्थी कठड्यासकट खाली आला. जिवावरचं पायावर निभावलं. त्याचा भाऊ गावाहून आला आणि टेबलाटेबलाशी एकच विचारत फिरला, "देखा किसने था?" कुणाचंच नाव निघालं नाही. भाऊकाकांवर ठपकाही आला नाही, कारण नियमानं त्यांचं काही चुकलेलंच नव्हतं. तेव्हापासून कठडा दिसला की ते आधी दोन्ही हातांनी हलवून बघायचे. देवळात, बँकेत, लोकांच्या घरी. पाहुणा म्हणून आलेला माणूस यजमानाचा जिना गदागदा हलवतोय, हे काकूंनी जन्मभर सोसलं.

मीनूच्या लग्नात तर कहर झाला. मीनू त्यांची एकुलती एक. सासर ग्वाल्हेरचं, मराठीच. याद्या करायला मंडळी जमली, मानपान लिहून झाले, आणि शेवटी भाऊकाकांनी खिशातून वेगळा कागद काढला. लग्नानंतर सहा महिन्यांनी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी एकत्र बसून नवरा-नवरीला कसं चाललंय ते विचारावं, असं त्यात होतं. व्याही ताडकन म्हणाले, "म्हणजे आमच्यावर विश्वास नाही?" भाऊकाका हात जोडून उभे. "विश्वास नसता तर मुलगी दिली असती का? विश्वास आहे म्हणूनच विचारायला येणार." काकू पदर तोंडाशी धरून बसलेल्या, आणि मी मनातल्या मनात देव पाण्यात ठेवलेले. शेवटी मीनूची होणारी सासूच म्हणाली, "राहू द्या ते कलम. मला कधी कुणी विचारलं नाही, हिला तरी विचारा." सहा महिन्यांनी बैठक झाली तेव्हा मीनू दोन मिनिटं बोलली आणि सासूबाई दीड तास. भाऊकाकांनी ते सगळं लिहून घेतलं, व्याह्यांना वाचून दाखवलं आणि सही घेतली.

असा जगाची काळजी वाहणारा माणूस, पण घोटाळा झाला तो त्याच्या सख्ख्या बहिणीच्या कागदात.

कमलआत्या त्यांच्याहून सहा वर्षांनी धाकट्या. ऐन तिशीत नवरा गेला, मूलबाळ नाही. गल्लीच्या टोकाला एका धर्मादाय संस्थेचं जुनं घर आहे, आमच्यात त्याला नुसतं 'संस्था' म्हणतात. त्याच्या तळमजल्यावर आत्या खाणावळ चालवायच्या आणि मागच्या खोलीत राहायच्या. महाराष्ट्रातून कुणी अस्थी घेऊन आलेलं, कुणी गंगापूजनाला आलेलं, अशी थकली-भागली माणसं त्यांच्या पाटावर येऊन बसायची आणि वरणाचा पहिला घास घेतला की त्यांचे डोळे भरून यायचे. खाणावळ गेली असती तर आत्यांची चूलही गेली असती आणि डोक्यावरचं छप्परही. आत्या मुळातच कमी बोलायच्या, भाऊकाकांसमोर त्याहून कमी. काही विचारलं की "भाऊला विचारा" म्हणून कणकेकडे वळायच्या. लोकांना ती भावावरची माया वाटायची. मलाही तसंच वाटायचं.

संस्थेशी करार अर्थातच भाऊकाकांनी लिहिला. नऊ वर्षांचा, दर तिसऱ्या वर्षी आढावा. तेव्हा संस्थेचे व्यवस्थापक नाना म्हणून एक मराठी गृहस्थ होते आणि तिथले सगळे कागद पिढ्यान् पिढ्या तिथीनं चालत आलेले. म्हणून आढाव्याचा दिवस ठरला श्रावण वद्य पंचमी. सातवं कलम असं होतं: दुसऱ्या पक्षातर्फे, म्हणजे आत्यांतर्फे, प्रतिनिधी म्हणून त्यांचे बंधू आढाव्याला हजर राहतील. ते हजर नसतील आणि तसं आधी लेखी कळवलेलं नसेल, तर साठ दिवसांची सूचना देऊन संस्था जागा परत घेऊ शकेल. टाइप करताना मी म्हटलंसुद्धा, "काका, हे आपल्याच अंगावर यायचं." ते म्हणाले, "यायलाच पाहिजे. मला दांडी मारता येऊ नये म्हणून तर घातलंय." पहिला आढावा नानांबरोबर झाला. चहा झाला, सह्या झाल्या. पुढे नाना वारले आणि त्यांच्या जागी तिवारीजी आले. इथलेच, निवृत्त हेडमास्तर. माणूस सज्जन, पण कागदात जे लिहिलंय ते आणि तेवढंच वाचणारा.

दुसऱ्या आढाव्याचं वर्ष लागलं. आमचा आषाढ संपत आला होता. गंगा चढत होती, घाटाच्या पायऱ्या रोज दोन-दोन करून पाण्याखाली जात होत्या आणि नावा बंद झाल्या होत्या. अशात एका सकाळी भाऊकाकांच्या नावानं रजिस्टर पत्र आलं. ते ओट्यावर उभं राहून सवयीनं मोठ्यानंच वाचत होते, म्हणून मला घरात ऐकू आलं. "निर्धारित तिथि पर द्वितीय पक्ष के प्रतिनिधि अनुपस्थित पाए गए। अतः धारा सात के अनुसार साठ दिन के भीतर स्थान खाली करने की सूचना दी जाती है।"

"तिथी अजून आलेलीच नाही," भाऊकाका म्हणाले. एकदा रागानं म्हणाले आणि एकदा हळूच. मग आत गेले आणि दोन पंचांगं घेऊन बाहेर आले, एक आपलं आणि एक बनारसचं. दोन्हींची पानं शेजारी शेजारी धरली. मी गल्ली ओलांडून त्यांच्या ओट्यावर गेले तोवर त्यांच्या हातातलं एक पंचांग खाली पडलं होतं आणि ते उचलायचं त्यांना भान नव्हतं.

काशीबाहेरच्यांना हे उलगडून सांगायला हवं. आपला महिना अमावास्येला संपतो, इथल्या लोकांचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचं एकमत, पण वद्य पक्ष आला की ते आपल्याहून एक महिना पुढे असतात. आपली गोकुळाष्टमी श्रावणातली, त्यांची भाद्रपदातली, आणि दिवस एकच. तसंच त्यांची श्रावण वद्य पंचमी आपल्या आषाढातच येऊन जाते. इथल्या मराठी घरांत हे पोराटोरांनाही ठाऊक. शाळेतल्या मैत्रिणींचे श्रावणी सोमवार सुरू व्हायचे तेव्हा आमच्याकडे आषाढच असायचा, आणि आईला विचारलं की म्हणायची, "त्यांचं त्यांच्याजवळ, आपलं आपल्याजवळ." आम्ही त्यात इतके मुरलेलो की कुठला श्रावण ते कागदात लिहायला हवं, हे सुचलंच नाही. नाना मराठी, भाऊकाका मराठी आणि टाइप करणारी मीही मराठी. तिवारीजी बिचारे त्यांच्या पंचमीला वेळेवर आले, आणि त्या दिवशी भाऊकाका डोळे तपासायला गेले होते.

"बहात्तर वर्षं काशीत काढली," भाऊकाका म्हणाले, "आणि तिथी लिहिली ती पुण्यात बसल्यासारखी."

आम्ही दोघं तिवारीजींकडे गेलो. त्यांनी पाणी विचारलं, बसवलं, सगळं ऐकून घेतलं. दोन पंचांगंही बघितली. मग हळुवारपणे म्हणाले, "पंडितजी, कागज़ तो आप ही का लिखा है। मैंने बस पढ़ा है।" तिवारीजींनी एवढं कबूल केलं की आमच्या पंचमीला ते पुन्हा येतील, करार मोठ्यानं वाचला जाईल आणि जे ठरेल ते ते संस्थेच्या समितीपुढे ठेवतील. पण सूचना मागे घेणं त्यांच्या हातात नव्हतं. समिती विचारणार, सातव्या कलमाचं काय केलंत? त्याचं उत्तर त्यांनाही सुचत नव्हतं.

पुढचे तीन आठवडे भाऊकाकांनी मला वेड लावायचं बाकी ठेवलं. समितीला द्यायच्या उत्तराचे त्यांनी अकरा मसुदे केले. सकाळी एक आणायचे, टाइप झाला की दुपारी येऊन फाडायचे. एकात दोष नानांवर जात होता, तो फाडला, कारण मेलेल्या माणसावर ढकलायचं नाही. एकात पंचांगावर जात होता, तो फाडला, कारण पंचांगं दोन्ही बरोबर होती. जेवण तुटलं. खिडकीत उभं राहून गल्लीच्या टोकाला संस्थेच्या दाराकडे बघत राहायचे, जणू तिथून आत्ताच कुणी भांडीकुंडी बाहेर काढणार आहे. आमच्या घरी आले की जिन्याचा कठडा एकदा येताना हलवायचे आणि एकदा जाताना. काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "झोपेत कलमं म्हणतात गं." मला त्यांची दया येत होती आणि संतापही येत होता.

एक दिवस मी सरळ विचारलं, "काका, आत्यांना सांगितलंत का?"

"तिला कशाला घोर लावायचा? निस्तरतोय ना मी."

"राहतात त्या तिथं. जागा त्यांची जायचीय."

"म्हणूनच नाही सांगितलं," ते म्हणाले आणि बारावा मसुदा करायला निघून गेले.

आमची पंचमी उजाडली. सकाळी दहाला तिवारीजी आले. खाणावळीत पाट मांडले होते. एका पाटावर तिवारीजी, समोर भाऊकाका, लिहून घ्यायला मी कोपऱ्यात, आणि आत्या चुलीपाशी पाठमोऱ्या. अकरा वाजता जेवणारी माणसं यायची होती, त्यांची कणीक तिंबणं चालू होतं. भाऊकाकांनी रीतीप्रमाणे करार पहिल्यापासून वाचला, मग सूचनेचं पत्र वाचलं. "अनुपस्थित पाए गए" इथं आले आणि थांबले.

आत्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि वळल्या. "तिवारीजी, उस दिन आपने यहीं बैठके खाना खाया था न?"

तिवारीजी गडबडले. "जी, खाया था।"

"परोसा किसने था?"

"आपने।"

"इस कागज़ में दूसरा पक्ष कौन है?"

तिवारीजींनी पहिलं पान उलटून बघितलं. तिथं मीच टाइप केलेलं आत्यांचं पूर्ण नाव होतं. "आप हैं," ते म्हणाले.

"तो मैं तो थी। आपने पूछा भाई साहब कहाँ हैं, मैंने कहा आँख दिखाने गए हैं। फिर आपने मुझसे कुछ पूछा ही नहीं।" मग त्या भावाकडे वळल्या आणि मराठीत म्हणाल्या, "तिवारीजींना काय बोल लावू, भाऊ? कागदच तसा आहे. त्यात मी नुसती राहते. बोलतोस तू."

भाऊकाका म्हणाले, "कमळे, तुला त्रास नको म्हणून..."

"पत्र आलं त्याच दिवशी मला कळलं. तू ओट्यावर उभा राहून वाचलंस, आणि गल्ली आहे ही. तीन आठवडे वाट बघितली, तू येऊन सांगशील म्हणून."

मी मान वर केली नाही. माझ्याच बोटांनी ते कलम टाइप केलं होतं. लल्लनला विचारा, व्याह्यांना विचारा, मीनूला विचारा असं सांगणारा माणूस, आणि बहिणीच्या वेळी विचारायच्या जागी त्यानं स्वतःचं नाव घातलं होतं. ते मला खटकलंसुद्धा नव्हतं. मला वाटलं होतं, किती करतो बहिणीसाठी.

तिवारीजी बराच वेळ करार चाळत बसले. शेवटी म्हणाले की बाई म्हणतात ते खरं आहे, त्या दिवशी दुसरा पक्ष स्वतः हजर होता, आणि न विचारण्याची चूक त्यांचीही आहे. तसं ते समितीला लिहून देतील आणि सूचना रद्द करा असं स्वतः सांगतील. पण त्यासाठी प्रतिनिधीची अट आधी निघायला हवी, नाहीतर समिती पुन्हा तिथंच बोट ठेवेल. कलम बदलायचं तर आढाव्यातच बदलता येतं. एवढं बोलून ते अडखळले आणि नवव्या कलमावर बोट ठेवून त्यांनी तो कागद भाऊकाकांकडे सरकवला.

नववं कलमही भाऊकाकांचंच. आमच्या गल्लीत कुठंही चार माणसं बसली की पाचवा दारात येऊन उभा राहतो आणि सल्ला देतो. त्याला आवरायला त्यांनी लिहून ठेवलं होतं की आढाव्याला पक्षकार आणि लिहून घेणारा लेखक यांच्याखेरीज कुणी बसू नये. प्रतिनिधी नसतील तर भाऊकाका पक्षकार नव्हते आणि लेखकही नव्हते.

त्यांनी ते वाचलं. मोठ्यानं वाचलं नाही, पहिल्यांदाच. मग गुडघ्यावर हात टेकून उठले, चपला घातल्या आणि बाहेर संस्थेच्या ओट्यावर जाऊन बसले. दार अर्धं उघडं होतं, त्यातून मला त्यांची पाठ दिसत होती. एरवीची ती ताठ पाठ नव्हती. दोन दिवसांनी मी मुलीच्या बाळंतपणासाठी नाशिकला गेले आणि तिथंच असताना मार्गशीर्षात भाऊकाका गेल्याचा फोन आला. म्हणजे त्यांना नीट असं शेवटचं बघितलं ते त्या ओट्यावरच.

आत तिवारीजी एकेक प्रश्न विचारत होते आणि आत्या उत्तरं देत होत्या. आधी तुटक, मग सलग. जागा स्वच्छ आहे का, वापर ठरल्याप्रमाणे आहे का, आणि तुमचं काही म्हणणं आहे का. आत्यांचं म्हणणं होतं. चुलीवर धूर जायला झरोका नाही, त्यामुळे बारा महिने खोकला असतो. पुराच्या दिवसांत मागच्या खोलीची भिंत घाम आल्यासारखी ओली होते आणि आत्यांना पेटीवर झोपावं लागतं. पहिल्या आढाव्यात यातलं काहीच आलं नव्हतं, कारण तेव्हा भाऊकाकांनी "सब ठीक है" लिहून सही केली होती. मी रोज तिथं जायची, रोज तो खोकला ऐकायची, पण मलाही कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

सातव्या कलमाशी आलो तेव्हा दाराच्या फटीतून हलका आवाज आला, "कुठवर आलं गं?"

मी उठून दाराशी गेले. ते वळले नव्हते, समोरच्या भिंतीकडेच बघत होते.

"सातवं झालं," मी म्हटलं.

"काय केलं त्याचं?"

"तुमचं नाव खोडलं."

मग विचारलं, "तिवारीजींनी?"

"आत्यांनी. माझ्या हातातलं पेन घेऊन."

"गिरगटलं तर नाही ना? खोडताना एकच सरळ रेघ मारायची असते. खालचं वाचता आलं पाहिजे, नाहीतर समिती शंका घेते."

"एकच रेघ आहे, काका. तुमचं नाव नीट वाचता येतंय."

"शेजारी सही?"

"केली. पूर्ण नाव लिहून."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं आत येऊन एकदा बघू का असं विचारतील, आणि विचारलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं. त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला आणि परत लावला.

"आत जा तू. अजून दोन कलमं राहिलीत," ते म्हणाले. "आणि दार ओढून घे. आढावा पक्षकारांचा असतो."

मी दार ओढून घेतलं.